परक्या दारचा नारळ

आमच्या गावात शिमग्याला खुणेची गाणी म्हणत. आता ती कुणी म्हणत नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत सांगत होतो. यंदा मीच म्हटलं. कुणावर म्हटलं आणि का, ते इथे लिहून ठेवतो. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे. तो यावा म्हणूनच लिहायला बसलो आहे.

गाव निपाणीपासून सायकलीच्या अंतरावर. तंबाखूचं गाव. होळी पेटली की रंगपंचमीपर्यंत रोज संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर आमचा डफ बसायचा. वर्षभर गावात जे झाकून झालं ते तिथे गाण्यात उघडं व्हायचं. कुणी कुणाची म्हैस चोरून पिळली, कोणता जावई रुसून बसला, कोणत्या शहाण्याने बांध सरकवला. पण नाव घ्यायचं नाही, हा पक्का नियम. नावाऐवजी खूण सांगायची. दारातलं झाड, गोठ्याची दिशा, भिंतीचा रंग. ऐकणाऱ्यांनी ओळखायचं आणि हसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डफ वाजवत त्या घरापुढे जाऊन उभे राहायचो. घरच्यांनी नारळ आणून डफावर ठेवला, की त्यांनी गाणं पदरात घेतलं. पदरात घेतलं म्हणजे मिटलं. मिटलेलं गाणं पुन्हा कुणी म्हणायचं नाही, त्या घराला त्यावरून टोचायचं नाही. नारळ दिला नाही तर गाणं उघडं राहायचं आणि पुढच्या शिमग्याला परत यायचं. म्हणून माणसं शिव्या हासडत का होईना, नारळ देऊन मोकळी व्हायची. चिकोडीच्या कोर्टात जाण्यापेक्षा हे बरं, असं आमची जुनी माणसं म्हणायची.

गाणी मी रचायचो. तेव्हा पंचविशीत होतो, गळा होता, आणि गावात कुणाचं काय शिजतंय याचा वास मला आधी यायचा.

गावात एक थोरलं घर होतं. त्या घरचा म्हातारा गावचा कारभार बघायचा. त्याला पत्त्यांची भयंकर चीड. पत्ते खेळताना सापडलेल्या माणसाला तो चावडीच्या खांबाला बांधून उन्हात उभा करायचा. आणि त्याचाच मुलगा, माझ्या वयाचा, निम्म्या रात्रीला मागच्या दाराने निपाणीला जायचा. तिथे तंबाखूच्या एका वखारीत पत्त्यांचा डाव बसायचा. म्हातारा झोपला आहे, कुत्रं बांधलेलं आहे, याची खूण म्हणून त्यांचा गडी मागच्या बोळात कंदील लावून ठेवायचा. पहाटे मी पाणी पाजायला रानात निघायचो तेव्हा तो कंदील मला दिसायचा, आणि एकदा तर पोरगा चपला हातात घेऊन येताना दिसला. त्याला आता सगळं गाव आप्पा म्हणतं. मीही आप्पाच लिहितो.

एवढा ऐवज मिळाल्यावर मी गप्प बसणार नव्हतो. गाणं रचलं:

मागल्या दारी कंदील हाले, कुत्रं न्हाय भुंकलं,
कोंबडं आरवायच्या आत पाखरू येऊन टेकलं.

चाल लागली, लोकांनी ते उचललं. पण पाखरू कुणाचं, हे त्यांना उमगेना, कारण त्या बोळात दोन मागची दारं समोरासमोर होती. एक थोरल्या घराचं. दुसरं एका मिल्ट्रीवाल्याच्या घराचं. मिल्ट्रीवाला सीमेवर कुठेतरी, घरी त्याची आई आणि नुकतंच लग्न होऊन आलेली बायको. सकाळी डफ कुठल्या दारात उभा राहतो, त्यावर निकाल लागणार होता. आणि ते मला ठाऊक होतं.

गाणं संपल्यावर आप्पाने मला देवळामागे गाठलं.

“अरं, म्हाताऱ्याला कळलं तर माझं कातडं सोलंल.”

“मग उद्या नारळ दे की. मिटंल.”

“दारात डफ आला की म्हातारा इचारणार, कशाचा नारळ? काय सांगू?” त्याने माझा दंड धरला. “समोरच्या दारात जा. म्हातारी रानात असतीया. नवी सून हाय, तिला काय कळतंय? नारळ घे आन् सुट. मिटलं गाणं. परत कोण बोलणार हाय?”

मला ते पटलं. नियमच तसा होता. एकदा मिटलं की कुणी बोलत नाही. मग कुणाचं काय जाणार?

सकाळी आम्ही मिल्ट्रीवाल्याच्या दारात उभे राहिलो. ती बाहेर आली. हातांना विडीच्या तंबाखूचा पिवळा रंग होता, तो पदराला पुसत होती. डफ बघून तिचा चेहरा फुलला. ती कंग्राळीची, बेळगावच्या अंगाची. तिकडे दारात डफ आला तर पाहुणा आला म्हणून नारळ-गूळ देतात. खुणेचं गाणं, नारळाचा अर्थ, हे सगळं आमच्या चार गावांपुरतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

“आमच्या कंग्राळीत बी येतात डफवाले,” ती म्हणाली. आत जाऊन नारळ आणला, वर गुळाचा खडा ठेवला आणि डफाच्या पाया पडली. माझ्या मागे उभी असलेली माणसं फिसकन् हसली. शिमगा आहे, आनंदाने हसतात, असं समजून तीही हसली.

ती हसली, हे गावाने नारळाहून जास्त लक्षात ठेवलं. बघा, हसत हसत कबूल केलं.

चार दिवसांनी ती आमच्या विहिरीवर आली. तोवर पाणवठ्यावर तिला बायकांनी सगळं ऐकवलं होतं. कोण येतं गं मागल्या दारानं? कंदील किती वाजता लावतीस?

“भावजी,” ती म्हणाली, “म्या पावण्याला देतात तसा नारळ दिलता. तुमी सांगा की लोकास्नी. तुमचं ऐकतील.”

“मिटलंय वहिनी ते गाणं. इसरतील लोक.”

“तुमाला ठावं हाय न्हवं, माझं काय न्हाय ते?”

“ठावं हाय.”

“मग सांगा.”

मी घागर उचलून तिच्या कमरेवर दिली आणि वाट धरली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित खरंच विसरले असते. पुढच्या शिमग्याला तिचा नवरा सुट्टीवर आला होता. कट्ट्यावर आम्ही दोन-चार गाणी म्हटली, ती कुणाला आवडेनात. पोरं ओरडायला लागली, “कंदील म्हणा, कंदील!” मी म्हणालो, ते मिटलंय. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेला आप्पा मोठ्याने म्हणाला, “म्हण रं, लई ग्वाड हाय ते. मिटलेलं असलं म्हणून काय गळा मिटलाय व्हय तुझा?” सगळे हसले. त्याने ते का म्हटलं, हे मला त्याच वेळी कळलं होतं. त्या वर्षी त्याच्या बापाला संशय यायला लागला होता. गाणं समोरच्या दाराला जितकं घट्ट चिकटेल तितका तो सुटणार होता.

मी म्हटलं. मिटलेलं गाणं आमच्या गावात कुणी कधी उघडलं नव्हतं, ते मी उघडलं. दुसऱ्या कडव्याला मला लिंबाखाली तिचा नवरा दिसला. मिल्ट्रीचा हिरवा स्वेटर, हाताची घडी. तो शिमग्याचं गाणं ऐकावं तसं ऐकत नव्हता. मी थांबू शकलो असतो. लोक डोलत होते, तिसरं कडवं सगळ्यांत चांगलं जमलेलं होतं, मी तेही म्हटलं.

सकाळच्या पहिल्या गाडीने तो तिला आणि तिच्या ट्रंकेला घेऊन बेळगावला गेला. कंग्राळीत भावाच्या दारात तिला सोडलं. पाणीसुद्धा न पिता परतला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. आता तो हयात नाही.

गाणं मात्र जोरात चाललं. जत्रेतून बोलावणी यायची. चिकोडी, संकेश्वर, खानापूर, सगळीकडे मी कंदील म्हटला. एकदा कंग्राळीहून बोलावणं आलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं. आप्पा सोसायटीचा चेअरमन झाला, देवस्थानचा अध्यक्ष झाला. भेटला की पाठीवर थाप मारायचा, “काय शाहीर!” मी हसायचो.

यंदा माघात आप्पाचं सहस्रचंद्रदर्शन निघालं. मांडव, पुढारी, जेवणावळ. त्याचा नातू मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. बेंगळूरला कंपनीत असतो, चांगला बोलका पोरगा.

“आजोबा, तुम्ही ते कंदीलचं गाणं म्हणायचं. आप्पांनी खास सांगितलंय. मी व्हिडिओ करणार.”

“का रं, तेच का?”

“भारी स्टोरी आहे ना त्यात. ती नारळवाली बाई.”

“कोण नारळवाली?”

“तीच ना, जिने स्वतः नारळ देऊन कबूल केलं,” तो हसत म्हणाला. “आप्पा सांगत असतात. घरात सगळ्यांना पाठ आहे.”

म्हणजे आप्पा ती गोष्ट सांगत होता. गप्प बसला असता तर एक वेळ मी समजून घेतलं असतं, मीही गप्पच होतो. पण हा सांगत होता. जेवताना, नातवंडांना हसवायला. म्हणतो म्हणालो पोराला. नक्की म्हणतो.

दुसऱ्या दिवशी एसटी धरून बेळगाव, तिथून रिक्षाने कंग्राळी. ती आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं. होती. भावाच्या मुलाच्या घरी, पडवीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. भाचा बेळगावात नोकरीला गेलेला.

“वहिनी, ओळखलंसा का?”

तिने वर बघितलं नाही. “आवाज वळखला. त्यो कसा इसरंन? आन् वहिनी म्हणू नका. ज्याच्यामुळं मी तुमची वहिनी हुते, त्यानं मला ह्या उंबऱ्यावर ठिवलं तवाच ते संपलं.”

“आक्का,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. कंदील कुणाचा, पाखरू कोण, कुठे जायचं, देवळामागे काय बोलणं झालं. ती ऐकत होती, हात चालू होते. वखारीतल्या डावापाशी आल्यावर हात थांबले.

“पत्ते?”

“व्हय.”

“पत्ते खेळाया जाईत हुता?”

“व्हय.”

ती हसली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. “मला वाटलं हुतं, माझ्यावर ढकलून कुणाचा तरी जीव वाचला आसंल. एकादी बाई तरी वाचली आसंल. तेवढ्यावर इतकी वरसं काढली म्या. पत्ते!”

मी हात जोडले. “माफी मागाया आलोय.”

“पडवीत बसून व्हय? गाणं तर कट्ट्यावर म्हटलंसा.”

“कट्ट्यावर म्हणतो. त्याच्या सोहळ्याच्या मांडवात म्हणतो. त्याच्या म्होरं.”

“नाव घालू नका,” तिने शेंगा गोळा करत सांगितलं. “खूण घाला. तुमचाच नियम हाय न्हवं? आन् मला बोलवू नका. तिथं बसून मी काय कुणाला मिरवू?”

तिने चहा विचारला नाही. मी मागितला असता तरी दिला नसता.

मांडवात आप्पा नवरदेवासारखा बसला होता. फेटा, हार, हातात चांदीच्या मुठीची काठी. पुढाऱ्यांची भाषणं झाली, सरळमार्गी माणूस, स्वच्छ चारित्र्य वगैरे. मग मला पुकारलं. पहिलं कडवं म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या, आप्पा काठीने ताल धरू लागला. नातू मोबाईल धरून समोर. मग मी नवं कडवं उचललं:

कंदील होता थोरल्या दारी, मालक निपाणीत,
पत्त्यामधली राणी घेऊन वखारीच्या खोलीत.

आधी हशा पिकला. लोकांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आप्पाची काठी थांबली, ती मी बघितली. त्याचं तोंड उघडं होतं.

समोरच्या सुनेनं नारळ दिला पाव्हणा समजून दारी,
तिच्या पदरी पाप घालून निजला गादीवरी.

हसणं बंद झालं. बायकांच्या बाजूला एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “आगं बया, त्या पोरीचं काय न्हवतंच म्हणायचं!” मग बायकाच बोलायला लागल्या. कुणीतरी माईक बंद केला. माईक नसलेल्या काळात गळा तयार झालेला मी. मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत दोन्ही कडवी परत ऐकवली. आप्पा ओरडत होता, “म्हातारचळ लागलाय त्याला! खाली उतरवा!” उतरवायला कुणी आलं नाही. पुढाऱ्यांपैकी एकाला हसू आवरत नव्हतं, त्याने तोंडापुढे हार धरला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? त्या रात्री मी पोटभर जेवलो.

सकाळी डफ घेऊन निघायच्या आत आप्पाचा मुलगा दारात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नारळ.

“अण्णा, घ्या आन् मिटवा. पोरानं व्हिडिओ टाकलाय कुठंतरी, पावणेरावळे फोन कराय लागल्यात.”

“माझ्या हातात दिऊन मिटत न्हाय. कंग्राळीला न्या.”

“तिकडं कशाला?”

“तिच्या दारात माझा डफ गेलता. आता तुमचा नारळ जाऊ दे.”

तो गाडी घेऊन आला तेव्हा आप्पा आत बसलेला होता. माझ्याकडे न बघता बसला होता. मी पुढच्या सीटवर बसलो.

कंग्राळीत ती दारातच उभी होती. मुलाने नारळ पुढे केला.

“गाडीत कोण हाय?” तिने विचारलं.

“आप्पा हाईत. गुडघं चालत न्हाईत त्यांचं.”

“कोंबडं आरवायच्या आत निपाणीस्नं चालत येत हुतं की!”

आजूबाजूच्या दारातून बायका बघत होत्या. आप्पा उतरला. मुलाच्या खांद्यावर हात टाकून पडवीपर्यंत आला, नारळ स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाला, “आक्का, आता वय काय ऱ्हायलंय आपलं? सोडा की.”

“वय तुमचं बी गेलं, माझं बी गेलं,” ती म्हणाली. “माझं कुठं गेलं, ते जाताना गाडीत बसून इचार करा.”

“नारळ घ्या. मिटवा.”

“म्या बी दिलता की नारळ. माझं गाणं मिटलं व्हय? मग तुमचं कसं मिटंल?” तिने दाराची एक फळी ओढून घेतली. “न्या घरला. चटणी करा.”

आप्पा तसाच उभा राहिला. नारळ ठेवायला त्याला जागा सापडेना. मी ते डोळे भरून बघत होतो, तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

“आन् तुमी काय बघतासा? व्हिडिओ भाच्यानं दावला मला. समदं हाय त्यात. डफवाला कुठाय?”

मी गाडीकडे वळलो.

“मिटलेलं गाणं ज्यानं उघडलं, त्याची खूण न्हाय गाण्यात. तुमाला वाटलं, त्येला बुडवलं की तुमी सुटला. तुमी सुटला न्हाईसा.” आणि तिने दुसरी फळी लावली.

परतीच्या वाटेवर आप्पा माझ्या पाठीकडे बघून एकदाच बोलला. “लई भारी वाटलं आसंल न्हवं तुला?” मी म्हणालो, व्हय. त्यानंतर त्याच्याशी बोलायचं काही उरलं नाही.

शिमग्याला व्हिडिओ बघितलेली पोरं कट्ट्यावर जमली. किती वर्षांनी तिथे डफ बसला. मी मांडवातली दोन्ही कडवी म्हटली, वर आणखी एक. तिसरं नवं होतं. ते करायला मला बाकी सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्यात गंमत नव्हती:

शेवग्याच्या दारी डफ टांगला, त्यानं बघितला चोर,
मिटलं गाणं उघडून त्यानं बुडवली परक्याची पोर.

गावात दारात शेवगा असलेली घरं बरीच आहेत. डफ टांगलेलं एकच आहे. कुणी टाळी वाजवली नाही.

सकाळी पोरं आधी थोरल्या घरापुढे गेली. तिथे नारळ ताटात तयार होता, वर हळदकुंकू. मी पोरांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, नारळ घ्यायचा नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. ती डफ वाजवून तशीच पुढे निघाली. मग माझ्या दारात आली आणि मला बघून वाजवायचं थांबली. मी म्हणालो, वाजवा.

सून आतून नारळ घेऊन आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “मामंजी, द्या की ह्यो. पोरांच्या शाळंत चिडवाय लागल्यात. एकदाचं मिटवा.”

मी तिच्या हातातून नारळ घेतला. पोरांनी डफ पुढे केला. डफावर हात ठेवून मी तो मागे सारला.

“पुढच्या शिमग्याला या,” मी त्यांना म्हणालो, आणि नारळ घेऊन आत आलो.